अंगात अडलेलं पाणी

केवळाबाईला पहिल्यांदा भीती वाटली ती जुलाब थांबल्यावर.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात पिंगळीच्या पलीकडल्या धनगरांच्या वस्तीवर ओकारी-हगवणीची साथ आली. केवळाबाईला सातवा महिना, पहिलंच बाळंतपण. नवरा बिरू मेंढरं घेऊन गंगाखेडकडे गेलेला. साथीत तिच्या अंगातलं सगळं पाणी गेलं, मग पोट शांत झालं. सासू म्हाळसाबाईनं देवाला हात जोडले. पण केवळाबाईच्या ध्यानात आलं, की आपण लघवीला गेलोच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

हे सांगायचं कुणाला? घरात दीर, दारात माणसांची ये-जा. शेवटी म्हाळसाबाईनंच ओळखलं.

"केवळे, तू बाहीर जायलीस का न्हाईस?"

तिनं मान हलवली.

"कवापासून?"

"हगवण थांबल्यापासून, मामी."

म्हाळसाबाईला वाटलं, पोरीचं अंग कोरडं पडलंय. तिनं ताक पाजलं, धन्या-जिऱ्याचं पाणी पाजलं. केवळाबाई मुकाट पीत राहिली. आत गेलेलं बाहेर येत नव्हतं. आधी पाय सुजले, मग पापण्या. काचेच्या बांगड्या मनगटात रुतल्या. त्या वाढवाव्या लागणार हे दिसत होतं, पण बिरू लांब रानात असताना तिचे हात मोकळे करायला म्हाळसाबाईचं मन धजेना.

"मामी, दम लागायलाय," केवळाबाई म्हणाली, तेव्हा दीर धोंडीबानं कुणाला न विचारता बैल जुंपले. पिंगळीहून रेल्वेनं ते परभणीला आले, तिला सरकारी दवाखान्यात टाकलं, आणि धोंडीबा तसाच भावाला शोधायला गेला.

चतुराबाई नावाच्या नर्सनं सगळ्यात आधी त्या बांगड्या काढल्या. म्हाळसाबाईनं तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी तपासून विचारलं, "बाई, बकऱ्याचे गुर्दे पाहिलेत का तुम्ही?"

"व्हय, साहेब."

"तसेच माणसाला असतात, लघवी तेच करतात. हिचे बंद पडलेत. आता जास्त पाणी पाजलं तर ते छातीत साठेल. मी सांगेन तेवढंच द्यायचं."

"पुन्ना चालू व्हतील का?"

"होतात कधी कधी."

म्हाळसाबाईला आपण पाजलेलं ताक आठवलं.

पाणी घोटाघोटानं, मीठ बंद. बाहेर गरम वाऱ्याची लू चालली होती आणि केवळाबाईची जीभ टाळूला चिकटायची. पण तहानेपेक्षा तिला दुसरीच धास्ती होती. सारखी पोटावर हात ठेवून ती पडून राहायची. एका सकाळी तिनं सासूचा हात ओढून पोटावर ठेवला.

"मामी, हालंना गेलंय."

म्हाळसाबाईनं हात तसाच ठेवला. तिलाही काही लागलं नाही. "झोपलं असंल," ती म्हणाली. दोघींनाही ते खरं वाटलं नाही.

मुलगा झाला, तो मेलेलाच. बिरू त्याच दिवशी पोचला. कोवळ्या जिवाला कापडात घेऊन तो गावाबाहेर गेला आणि मातीच्या हातांनीच परत आला. केवळाबाई रडली नाही. तिला उचक्या लागल्या होत्या, तोंडाला उग्र वास येत होता, हाक मारली तर डोळे अर्धे उघडायची. शेजारच्या खाटेवर ताडकळसची एक बाळंतीण होती, तिचीही लघवी अशीच बंद पडली होती. एका दुपारी तिच्या माणसांनी तिला चादरीत गुंडाळून नेलं. केवळाबाईला दिसू नये म्हणून चतुराबाई मध्ये उभी राहिली. तरी तिला दिसलं.

"मामी, आता माझी पाळी," ती पुटपुटली.

म्हाळसाबाई तिच्या नाकापुढं हात धरून बसायला लागली.

मग एकदा चतुराबाईनं खाटेखालचं भांडं उजेडात धरलं. तळाशी ओंजळभर, गढूळ. ती ते घेऊन तडक डॉक्टरांकडे गेली. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त झालं, आणि पुढं इतकं, की डॉक्टरच पाणी पाजा म्हणून मागे लागले. सूज उतरली. केवळाबाईच्या डोळ्यांत ओळख आली तेव्हा तिनं पहिलं विचारलं, "पोरगं कुठं पुरलं?" बिरूनं नुसतं बोट दाखवलं, खिडकीतून, रेल्वेच्या बाजूला.

ती घरी आली, पण भीती तिच्यासोबत आली. पुढं पुन्हा दिवस गेले तेव्हा तिनं ते बरेच दिवस बिरूलाही सांगितलं नाही. कळल्यावर म्हाळसाबाईनंच तिला उठवलं.

"चल परभणीला. आता घरच्या घरी काई करायचं न्हाई."

दर महिन्याला दोघी पिंगळीहून रेल्वेनं जायच्या. चतुराबाई काचेच्या नळीत लघवी घेऊन दिव्यावर तापवायची, आणि गुर्दे बिघडल्याची खूण म्हणून नळीत पांढरं साकळतंय का हे बघेपर्यंत केवळाबाई श्वास धरून उभी राहायची. शेवटच्या महिन्यात पाय जरासे सुजले तर तिनं हट्टानं दवाखान्यातच मुक्काम ठोकला. तिथंच मुलगी झाली, रडत, हातपाय झाडत. केवळाबाईनं तिला कुशीत घेतलं, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. स्वतःला लघवी होईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही. झाल्यावर मग ती पोरीकडे वळली आणि तिला पहिल्यांदा नीट पाहिलं.