मॅडमच्या लॉगिनचं काय केलं

आमच्याकडं शिक्षक निवृत्त झाला की चार्ज द्यायची रीत आहे. कपाटाच्या किल्ल्या, प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या, सगळं पुढच्याच्या हवाली करायचं. कॉम्प्युटर आल्यापासून त्यात पासवर्डही आला. शाल-नारळ झाला की बंद पाकिटातून तोही देतात. नळदुर्गच्या अलीकडं, हायवेलगतच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटरचं काम मी बघतो. पासवर्ड असा द्यायचा नसतो, हे मला ठाऊक होतं. पण मी कधी बोललो नाही.

विज्ञानाच्या मॅडम निवृत्त होऊन सोनारीला गेल्या. शाळा बंद होत्या त्या काळात त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात, डब्याला मोबाइल टेकवून प्रयोगांचे धडे चित्रित केले होते. ते शिकवणीच्या एका साइटवर होते आणि ती साइट शाळेच्या मेलच्या लॉगिननंच उघडायची. त्या धड्यांवर मॅडम आता गावातल्या पोरींना घरी शिकवत होत्या.

एक दिवस संस्थेचे सचिवसाहेब म्हणाले, "गेलेल्यांची मेल खाती कशाला सांभाळता? उडवा सगळी."

"साहेब, मेल बंद करू, पण लॉगिन राहू द्या. ते गेलं तर त्याला जोडलेलं सगळंच बंद पडतं."

"गेलेल्या माणसाच्या चपला दारात ठेवतो का आपण? उडवा म्हणलं ना!"

मी उडवली. त्यात मॅडमचंही खातं गेलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "भाऊ, साइट मला ओळखतच न्हाय बघा. पोरी बसल्यात समोर."

पुसलेलं खातं महिनाभर परत आणता येतं. मी सचिवांकडं गेलो. ते म्हणाले, "चार्ज दिलाय ना त्यांनी? मग धडेबी शाळेचेच. नियम म्हणजे नियम." खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. निरोप समारंभात मॅडमनी भर सभेत विचारलं होतं, "साहेब, प्रयोगशाळेत नळ कधी बसणार?" लोक हसले होते. ते हसू साहेब विसरले नव्हते.

आणि मी? मी मॅडमना फोन करून सांगितलं, "गेलं मॅडम, आता परत येत न्हाय." धडधडीत खोटं.

मग महिना भरायच्या आतच प्रात्यक्षिकाचे गुण भरायचा शेवटचा दिवस आला. मॅडमच्या जागी आलेल्या सरांना मी वेगळं खातं काढून दिलं होतं. पण गुणांची साइट मॅडमच्या लॉगिनला जोडलेली, म्हणून तिथं ते पाकिटातलाच पासवर्ड वापरायचे. हे मला त्या दिवशी कळलं. साइट उघडेना. सचिवसाहेब स्वतः माझ्या टेबलापाशी धावत आले.

"आत्ताच्या आत्ता उघडा!"

"साहेब, नियम..."

"कसला नियम? शाळेची अब्रू जाईल!"

चहा यायच्या आत खातं परत आलं. ज्या बाईनं घरातला चुना आणून पोरांना चुन्याची निवळी करून दाखवली, तिच्यासाठी जे होत नव्हतं, ते साहेबांच्या अब्रूसाठी चहाचा घोट घ्यायच्या आत झालं! माझं डोकं तापलं. वर साहेब म्हणतात, "पासवर्ड बदला. त्या बाईला कळाय नको."

मी पासवर्ड बदलला. गुण भरून झाल्यावर ती साइट नव्या सरांच्या खात्याला जोडली. मॅडमचा मेल बंद केला, लॉगिन चालू ठेवलं. पहिल्या दिवशी हेच करायचं होतं. मग सोनारीला फोन लावला.

"तुम्ही तर येत न्हाय म्हणला होता," मॅडम म्हणाल्या.

"खोटं बोललो होतो, मॅडम."

मॅडमनी मागं गलका करणाऱ्या पोरींना गप्प बसवलं.

"नवीन पासवर्ड सांगा, सर."

इतकी वर्षं त्या मला भाऊ म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी व्हरांड्यातच गाठलं. "त्या बाईला दिला का?"

"दिला. धडे त्यांचे आहेत."

"तुमचं खातं उडवाय लई वेळ लागायचा न्हाय."

"उडवा," मी म्हणालो. "पण तेवढा प्रयोगशाळेचा नळ बसवा."