निम्मं पाणी

मी उभ्या जन्मात जेवढं पाणी मोजलं तेवढं उजनीच्या धरणातसुद्धा मावणार नाही. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढली. कालव्याच्या कडेनं इतका चाललो, की तेच सरळ वर चाललो असतो तर चंद्रावरच्या खड्ड्यांची मोजणी करून एव्हाना परत आलो असतो. सुप्याकडच्या माळावर एकदा असं साल पाहिलं, की वर्षाचा सगळा पाऊस म्हणजे एकच थेंब, आणि तोही पडला बांधावर. दोन्ही बाजूचे शेतकरी भांडत तहसीलला गेले. मी टेप घेऊन पोचलो तोवर तो थेंब एका कोंबडीनं पिऊन टाकला होता.

असलं काही मी पाहुण्यांना सांगत बसलो की आतून, स्वयंपाकघरातून, बायकोचा आवाज यायचा.

"निम्मं."

एवढा एकच शब्द, तोही भाकरी थापता थापता. पाहुणे हसायचे, मी रुसल्याचं सोंग करायचो, आणि माझ्या गोष्टीतली वीस फुटांची मगर सगळ्यांच्या डोक्यात दहा फुटांची होऊन बसायची. थेंबाच्या गोष्टीला मात्र ती गप्प राहिली. नंतर म्हणाली, "एका थेंबाचं निम्मं काय करू? कोंबडी तेवढी वगळा."

तिला जाऊन तीन वर्षं झाली. बारामतीतल्या आमच्या दोन खोल्यांत आता मी अख्खीच्या अख्खी गोष्ट सांगू शकतो, कोणी कापत नाही. मुलगी नागपूरला असते. तिचा फोन येतो. मी मगर काढली की ती "हो बाबा, हो बाबा" म्हणते, आणि मागं तिच्या कुकरच्या शिट्ट्या होतात. मी तीन शिट्ट्या मोजतो आणि फोन ठेवतो. बाकी मग एसटी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये बसायचं. तिथं ऐकणारे पुष्कळ असतात, पण प्रत्येकाची गाडी लागलेली असते. कित्येक मगरी माझ्याकडं शेपटीवाचून पडून आहेत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात पुण्याच्या एका इंजिनिअर बाईंचा फोन आला. माझ्या मुलीपेक्षाही लहान असाव्यात. इंदापुरात एका सार्वजनिक इमारतीला मागच्या अंगानं नवा भाग जोडायचा होता. कोणती इमारत ते सांगत नाही, मला अजून त्या रस्त्यानं जायचं असतं. मागं आधी मोकळी जमीन होती, बाभळी होत्या, शेळ्या बसायच्या. पावसाचं पाणी तिथल्या तिथं मुरायचं. आता तिथं स्लॅब येणार, पार्किंग येणार आणि सगळीकडं पेव्हिंग ब्लॉक. पाऊस पूर्वीएवढाच, पण मुरायला जागा नाही म्हटल्यावर पाणी पळणार, आणि पळून जाणार कुठं तर मागच्या उताराच्या गल्लीत. ते किती येईल आणि ते वाहून न्यायला पाईप केवढा घालावा, हे त्या बाई काढणार होत्या.

"काका, कॉम्प्युटरला सगळं कळतं," त्या म्हणाल्या, "पण गल्लीत आजवर पाणी कुठपर्यंत चढलं, ते नाही कळत. ते तिथल्या लोकांना विचारूनच आणावं लागेल."

माणसांशी बोलायचं काम! मी पैशांचं विचारायचंसुद्धा विसरलो.

गल्लीत वीसेक घरं. पहिल्या दारात वही उघडली मात्र, आणि घराघरातनं माणसं बाहेर आली. आमच्याकडं वही घेऊन कोणी पाण्याचं विचारायला आला, की तो नुकसानभरपाईचा पंचनामा करायलाच आला, हे सगळ्यांना पाठ असतं. मी शंभरदा सांगितलं, बाबांनो, ही फक्त मोजणी आहे. ऐकतो कोण?

"हितवर आलतं," पहिल्या बाईनं छातीला हात लावला.

"तुझ्याकडं छातीला, तर आमच्याकडं कुठवर असंल गं? आमचं घर खाली हाय," शेजारीण म्हणाली. "रावसाहेब, गळ्याला लिवा."

तिसऱ्या ओट्यावर एक म्हातारे बसले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या पत्र्यावरनं गेलं."

"मग तात्या, तुम्ही वाचला कसं?"

"पवत."

"पवतंय ह्ये!" शेजारीण ओरडली. "इहिरीत उतरायचं तर कमरंला दोर लागतो ह्यास्नी!"

मी गालात हसत होतो. थापा ऐकायला मी ह्या कलेतला जुना गडी बसलेलो. छातीला म्हणाले की मी कमरेखाली लिहीत होतो, गळ्याला म्हणाले की पोटाला. तात्यांचं पत्र्यावरचं पाणी मी खिडकीपर्यंत उतरवलं. प्रत्येक आकड्याला माझ्या मनात स्वयंपाकघरातला तो आवाज यायचा आणि पेन्सिल आपोआप निम्म्यावर जायची. फार दिवसांनी कामात मन रमलं होतं.

सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत खालचं घर एका गादीवाल्या चाचांचं. पुढं दुकान, मागं बिऱ्हाड. दुकानात कापसाचे ढीग, आणि चाचांच्या भुवयांवरसुद्धा कापूस. मी विचारलं तेव्हा ते गादीला टाके घालत होते. मान वर न करता म्हणाले, "गुडघ्याच्या वर चार बोटं."

"पाच," आतून बाईचा आवाज आला.

"चारच. तुझी बोटं बारीक हायत."

मी निम्मं करून अकरा इंच लिहिलं आणि वही मिटली. मग दारातच उभं राहून चाचांना उजनीच्या फुगवट्यातली मगर सांगितली. त्या दिवशी ती तीस फुटांची झाली. चाचा सुई ओढता ओढता मध्येच म्हणत, "मग?" तीन वर्षांत मला कोणी "मग?" म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दावर मी मगरीला इंदापूरच्या बाजारापर्यंत आणून भाजी घ्यायला लावली.

"आत या, चहा ठिवलाय," चाची आतूनच म्हणाल्या.

मी गाडीची वेळ झाल्याचं सांगून निघालो. गाडीला तास होता. पण आतल्या त्या आवाजाजवळ जाऊन मला बसवेना.

आकडे पुण्याला गेले. बाईंनी सगळ्यांत खालच्या, म्हणजे चाचांच्या घराचा आकडा धरून हिशोब केला आणि दोन फुटी पाईप काढला. काम सुरू झालं. माझं काम संपलं आणि मी परत माझ्या खोल्यांत येऊन पडलो.

पडलो म्हणजे कुठं, तर आमच्या जोडगादीवर. लग्नातली गादी ती. माझी बाजू खड्डा पडून पार परातीसारखी झालेली, तिची बाजू सपाट. झोपेत मी त्या खड्ड्यातच राहायचो, चढून तिकडं जात नव्हतो. श्रावण संपता संपता एक दिवस मनात आलं, ही चाचांकडं न्यावी, पिंजून एकट्याची करून आणावी. खरं सांगायचं तर बारामतीतसुद्धा गादीवाले आहेत. पण ते "मग?" म्हणत नाहीत.

गादी सुतळीनं बांधून एसटीत चढवली. कंडक्टरनं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "काका, ही दोघांची दिसतीय. दुसरं माणूस कुठं?"

"पुढच्या गाडीनं येतंय," मी म्हणालो. त्यानं लगेजचं तिकीट फाडलं. लासुर्ण्यापर्यंत आम्ही दोघं, मी आणि गादी, शेजारी शेजारी बसून गेलो. मग एक बाई चढल्या आणि मला गादी मांडीवर घ्यावी लागली.

चाचांनी खोळ उसवली, कापसात हात घातला. हात खड्ड्याच्या बाजूकडून सपाट बाजूकडं फिरवला.

"एकट्याची करा," मी म्हणालो.

"मग उरलेल्या कापसाचं काय करू? चांगला कापूस हाय, टाकायचा न्हाय. दोन करतो. एक तुमची, एक पावण्याची."

"पावणे येत नाहीत, चाचा."

"तर गुंडाळून ठिवा."

ह्या खेपेला चहाला नाही म्हणता आलं नाही. उंबरा ओलांडून आत गेलो, आणि चौकटीच्या आतल्या अंगाला हात टेकला तर हाताला खिळे लागले. एकाखाली एक सात खिळे होते.

"हे काय, चाचा?"

"पाण्याचं हायत. ज्या साली जितवर आलं, तितं खिळा. ह्यो वरचा थोरलीच्या लग्नाच्या सालचा." चाचांनी वर बोट केलं. ठेंगण्या छताला हुक होते, त्यांना कापसाची मोठाली गाठोडी टांगलेली, पार वरच्या खिळ्याच्या जरा वरपर्यंत लोंबणारी. "ढग दिसलं की ह्याच्या वरच समदं टांगायचं. खाली ऱ्हायलं तर गेलं. कापूस एकदा भिजला की कुजतो, मग त्यो कितीबी पिंजा."

मी खिशातला टेप काढला. वरचा खिळा जमिनीपासून बावीस इंच. गुडघ्याच्या वर चार बोटं. चाचांचा गुडघा आणि चाचांची बोटं.

"चाचा, सगळ्या गल्लीनं वाढवून सांगितलं. तुम्ही का नाही सांगितलं?"

ते माझ्याकडं असे बघायला लागले, की मीच वेडा. "खोटा खिळा ठोकून मला काय घावणार, रावसाहेब? माझाच कापूस भिजंल की."

चहा हातात तसाच राहिला. बाहेर इमारतीच्या मागं पेव्हिंग ब्लॉक बसत होते आणि दोन फुटी पाईप पुरले जात होते. गल्लीतल्या एकमेव खऱ्या आकड्याचं मी निम्मं केलं होतं. पुढं नेहमीच्या परतीच्या पावसाचं पाणी जरी आलं, तरी ते ह्या खिळ्याच्या वर जाणार होतं, आणि गाठोडी त्याच्यावर टांगायला छत काही उंच होणार नव्हतं. त्या गाठोड्यांत आता आमच्या गादीचा कापूसही जाणार होता.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एकाकडून लेव्हल मापायची दुर्बीण मागून आणली आणि चाचांच्या वरच्या खिळ्यापासून गल्लीतली सगळी दारं जोडून काढली. तुंबलेलं पाणी सगळीकडं एकाच पातळीला उभं राहतं, त्यामुळं एक खूण खरी असली की बाकीच्यांची आपोआप निघते. छातीवाल्या बाईंकडं घोटाभर निघालं. तात्यांच्या ओट्याला पाणी कधी शिवलंच नव्हतं.

"पाय वल्लं झालं हुतं," तात्या म्हणाले.

"कशानं?"

"त्ये आता आठवत न्हाय."

पुण्याच्या बाईंना फोन करून खिळ्याचे बावीस इंच सांगितले. त्यांनी माझे जुने आकडे काढून पाहिले. मग म्हणाल्या, "काका, अकरा तुम्हीच लिहिलंत. मोजताना चूक झाली का?"

"मोजलंच नव्हतं. निम्मं केलं."

"का?"

"घरची सवय," म्हणालो.

"हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल. सहीनिशी."

लिहून दिलं. खात्यात असताना मी पानंच्या पानं अहवाल लिहिले, पण हे दोन ओळींचं पत्र लिहायला सकाळपासून दुपार झाली. 'रहिवाशाने सांगितलेली पाण्याची उंची बरोबर होती. ती मी प्रत्यक्ष न मोजता निम्मी धरली.' कुठंच काही फुलवायला जागा नव्हती. पत्र घेऊन साइटवर गेलो तर ठेकेदार हसायलाच लागला. "काका, अख्खा तालुका म्हणतो तुम्ही वाढवून सांगता. आणि नेमकं हितं कमी सांगितलं?"

"कमी सांगितलं म्हणून तर लिहून देतोय."

"आता पाईप गेले की मातीत."

पण बाई पुण्याहून स्वतः आल्या. चौकटीपुढं उकिडव्या बसल्या, सातही खिळे बोटानं मोजले आणि चाचींच्या हातचा चहा प्यायल्या. दुसरी पाईपलाइन शेजारून टाकायची, मागच्या कडेचे ब्लॉक उचलून मातीची पट्टी मोकळी सोडायची आणि तिच्यात शोषखड्डे करायचे, म्हणजे निम्मं पाणी तिथंच मुरेल, असं ठरवून गेल्या. त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकून मी जरा दचकलो. ठेकेदारानं शिव्या घालत शेवटचा खड्डा भरला आणि चौथ्या दिवशी ढग आले.

मी बारामतीत होतो. दुपारपासून जे सुरू झालं ते, ते... मी इथं पुष्कळ सांगू शकतो. समोरच्या बंगल्यावर ढग टेकून बसला होता म्हणू शकतो. सांगत नाही. जोराचा पाऊस होता. चाचांचा फोन लागत नव्हता. मी खिडकीशी बसून राहिलो. गादी इंदापुरात, म्हणून चटई होती.

सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलो. गल्ली गाळानं माखलेली होती. चाचा दारात उभे होते, वर हुकांना गाठोडी कोरडी ठणठणीत.

"कुठवर?" मी विचारलं.

त्यांनी उंबऱ्याच्या बाहेरच्या दगडावरची ओली रेघ दाखवली. "उंबऱ्याच्या खाली दोन बोटं."

"तीन," आतून आवाज आला.

चाचांनी ह्या वेळी वाद घातला नाही. "रावसाहेबांनी मोजू दे."

मी खाली बसलो, बोटं लावली. दोनच होती.

"खिळा ठोकणार?"

"घरात आलंच न्हाय, त्याला कशाचा खिळा?" चाचा म्हणाले आणि हुकावरचं आमचं गाठोडं उतरवायला स्टूल घेऊन आले. सगळा कापूस एकत्र पिंजला. माझा खड्डा कुठला आणि तिची बाजू कुठली, काही कळेना झालं. संध्याकाळच्या आत दोन गाद्या शिवून झाल्या.

येताना बारामतीच्या कॅन्टीनमध्ये दोन्ही गाद्या टेबलाला टेकवून बसलो. ओळखीच्यांनी विचारलं, कालच्या पावसात इंदापूरला पाणी किती? मी म्हणालो, "उंबऱ्याच्या खाली दोन बोटं."

ते थांबले. मगर यायची वाट बघत होते. "मग?" एकानं विचारलं.

"मग काही नाही. एवढंच."

त्यांची गाडी लागली. ते उठून गेले.

घरी आलो. एक गादी गुंडाळलेलीच भिंतीशी उभी केली, दुसरी पसरली. पाय धुतले, चहा टाकला आणि चहाकडं बघत मोठ्यानं म्हटलं, "दोन बोटं." सवयीनं थोडा थांबलो. स्वयंपाकघरात मीच उभा होतो. मग चहा गाळला.