माझ्या वाट्याच्या दोन ओळी

ओळीवर बोट ठेवून मी तयार बसले होते. डावीकडच्या जोनचं वाचून झालं. आता माझा नंबर. क्लास चालवणाऱ्या डेरेकने माझ्याकडे बघून गोड हसत मान हलवली. "वी'ल स्पेअर यू, डिअर." म्हणजे, बाई, तुला त्रास नको. आणि त्याने माझ्या पलीकडच्या केनला खूण केली. केन वाचू लागला. माझं बोट तसंच ओळीवर.

ऐंशीच्या दशकातलं, लंडनजवळचं स्लाऊ. चर्चमागचा हॉल, गोल मांडलेल्या बारा खुर्च्या, दर बुधवारी संध्याकाळी मोठ्या माणसांचा बायबल क्लास. प्रत्येकाने दोन दोन ओळी वाचायच्या, मग चर्चा, मग चहा. अकरा गोरे आणि मी. दोन वर्षं वाचन माझ्यापर्यंत यायचं आणि डबकं ओलांडावं तसं मला ओलांडून जायचं. चहाला मात्र माझा नंबर कधी चुकला नाही. किटली माझ्याच हातात.

डेरेकने मला वाचताना कधी ऐकलंच नव्हतं. मी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. दिवसभर इंग्रजीतच चार्ट वाचायचे, डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरातून औषधाचा डोस शोधायचा. माझ्या वाचण्यावर माणसं जगत होती. पण डेरेक रिटायर्ड हेडमास्तर. त्याने तोंड बघूनच निकाल लावला होता.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातले, गावकुसाबाहेरचे. लहानपणी पाटीला हात लावला म्हणून गावाने त्यांना बडवलं होतं. पुढे बाप्तिस्मा घेतला आणि चाळिशीत पाद्रीसाहेबांच्या शाळेत अक्षरं गिरवली. पहिलं पुस्तक बायबल. रविवारी ते वाचायला उभे राहिले की आवाज वेशीपर्यंत जायचा. मुद्दाम तेवढा काढायचे. त्या माणसाची मी नात, आणि दोन वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले. याची लाज मला अजून वाटते.

नाताळच्या आधीचा बुधवार होता. उतारा येशूच्या आईच्या, मरीयेच्या गाण्याचा. देव गादीवरच्यांना खाली ओढतो, दीनांना वर उचलतो, ते गाणं. जोनचं झालं. डेरेकने मान हलवली. "वी'ल स्पेअर..."

मी उभी राहिले. क्लासमध्ये बसूनच वाचायची पद्धत होती. तरी उभी राहिले. माझ्या दोन ओळी वाचल्या. थांबले नाही. केनच्या वाचल्या, त्याच्या पुढच्यांच्या वाचल्या, गाणं संपवलं. आवाज आजोबांचा लावला होता.

मग डेरेकने टाळ्या वाजवल्या. बालवाडीतल्या पोराने पाढा म्हटल्यावर वाजवाव्यात तशा, हळू हळू. म्हणाला, "हाऊ ब्रेव्ह."

दोन वर्षांचं वगळणं मी एक वेळ विसरले असते. त्या टाळ्या नाही विसरणार. किटलीला हात न लावता कोट घातला आणि घरी आले.

क्लास घ्यायचा तर चर्चचा कोर्स करावा लागतो. ड्यूट्या सांभाळून तीन वर्षं केला. देवाच्या ओढीने केला असं सांगणार नाही. मला ती खुर्ची हवी होती. नव्वदच्या दशकात व्हिकरने, म्हणजे चर्चच्या पाद्र्याने, क्लास माझ्याकडे दिला.

डेरेक आता गोलात बसतो. काठी घेऊन, न चुकता येतो. चष्मा पुसतो, ओळीवर बोट ठेवतो. वाचन त्याच्यापाशी येतं. मी गोड हसते. "वी'ल स्पेअर यू, डेरेक." आणि शेजारच्याला खूण करते.

माझा नवरा म्हणतो, "अगं, म्हातारा झालाय तो. सोड ना आता. सत्तर वेळा सात क्षमा करा, हे तूच शिकवतेस ना?"

"शिकवते," मी म्हणते. "पण त्याने मागितलीये कुठे?"

गेल्या बुधवारी सगळे गेल्यावर डेरेक दारात घुटमळला. हळूच म्हणाला, "यू मिस्ड मी अगेन. माझे डोळे अजून चांगले आहेत. आय कॅन रीड, यू नो."

मला ठाऊक होतं. मलाही वाचता येत होतं.

त्याला काहीच आठवत नव्हतं. त्याच्या तोंडावर दिसत होतं ते. मी दिवा घालवला, दाराला कुलूप लावलं.

येत्या बुधवारीही जोन वाचेल आणि मग डेरेकचा नंबर येईल. त्याने उभं राहावं. न विचारता वाचावं. मी तसंच केलं होतं. तोवर मी त्याला ओलांडून जाणार. आणि ज्या दिवशी तो उभा राहील, त्या दिवशी टाळ्या मी वाजवणार.