न खुडलेले शेंडे

आमच्या घरात बाबांना सरळ प्रश्न विचारायची रीत नव्हती. विचारलं की ते "बघू" म्हणायचे आणि चप्पल घालून बागेत जायचे. बाग म्हणजे कंपनीच्या क्वार्टरपुढची अरुंद पट्टी. कुंपणावर गोकर्ण, व्हरांड्याच्या खांबाला जुई, आणि हिवाळ्यात भिंतीला सुतळ्या ताणून चढवलेली स्वीट पीची, म्हणजे नुसत्या शोभेच्या, सुवासिक फुलांच्या वाटाण्याची लांबलचक ओळ. देगलूरकडच्या शेतकरी घरातून हैदराबादेत नोकरीला आलेला माणूस, पण खाण्याजोगं काही लावायचा नाही. "शेंगा येतात, त्याही बघत बसायच्या," असं आई दरवर्षी म्हणायची. मग बाबांनी पहिला तुरा कापून तिच्या हातात दिला की गप्प व्हायची. तो तुरा ती फ्रिजवर काचेच्या ग्लासात ठेवायची आणि सुकेपर्यंत त्या ग्लासाला कुणाला हात लावू द्यायची नाही.

बाजार खुला झाल्यानंतरची ती वर्षं. चिक्कडपल्लीत रंगीत टीव्हीची दुकानं वाढत होती आणि बाबांच्या सरकारी कारखान्याला माणसं जड होत होती. स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले गेले. नाव स्वेच्छा, पण साहेब एकेकाला केबिनमध्ये बोलावून त्याची स्वेच्छा काय असायला हवी ते समजावत होते. जो सही करेल त्याची नोकरी जाणार आणि नाताळाच्या आत त्याला क्वार्टर सोडावं लागणार, हे कॉलनीत सगळ्यांना पाठ होतं. आम्हाला दुसरं घर नव्हतं. बाबांनी उभ्या जन्मात एकाच मशीनवर काम केलं होतं, आणि तसलं मशीन शहरात दुसरीकडे कुठे नव्हतं. त्यांनी सही केली आहे की नाही, एवढंच आम्हाला कळत नव्हतं.

एकदा नळावर शेजारच्या तेलुगू बाईने आईला गाठलं. ती आईला वहिनी म्हणायची, तिच्या भाषेत. "वदिना, तुमारे साब भी साइन कर दिये बोलते. सच्ची?"

"नई, वैसा कुछ नई," आई हसून म्हणाली. घरात आल्यावर मात्र तिने घागर इतकी आदळली की ओट्याखाली पाणीच पाणी झालं.

दसऱ्याच्या सुमाराला बाबा गौलीगुड्याहून स्वीट पीचं बी घेऊन आले आणि आईच्या फोडणीच्या वाटीत भिजत घातलं. एरवी त्या वाटीवरून भांडण झालं असतं. त्या दिवशी आईने स्वतः वाटीवर झाकण ठेवलं आणि मला हळूच म्हणाली, "राहतोय आपण." तिचं म्हणणं मला पटलं. आमच्याकडे स्वीट पी संक्रांतीला फुलायचा. नाताळाआधी घर सोडणारा माणूस संक्रांतीची फुलं कशाला पेरेल? कितीतरी दिवसांनी आम्ही पोटभर जेवलो.

रोपं वर आली. कारखान्याने काटकसर म्हणून कॉलनीचं पाणीही कमी केलं होतं, सकाळी नळ येतो न येतो तोच जायचा. बाबा आधी बादल्या भरून घ्यायचे. गोकर्णाला भांडी विसळलेलं पाणी चालायचं, जुईला तांदूळ धुतलेलं, पण स्वीट पीला ताजंच लागायचं. झारीचं तोंड काढून ते मुळाशी, चरातून, संथ धार सोडायचे. माझ्या हातून पानांवर पाणी उडालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. कारखान्याबद्दल मात्र एक अक्षर नाही.

दरवर्षी रोप वीतभर झालं की त्याचा शेंडा नखाने खुडायचा. मग वेल बाजूंनी फुटतो. फुलं उशिरा येतात, पण भरघोस येतात. हे काम आईबाबा मिळून करायचे, ओळीच्या एका टोकाकडून ती, दुसऱ्याकडून ते, आणि मध्ये भेटायचे. त्या वर्षी रोपं वीतभर झाली, मग गुडघ्याला लागली. बाबा पाणी घालून नुसते आत येत राहिले.

"शेंडे खुडायचे राहिले," आई म्हणाली.

"बघू."

मला वाटलं, विसरले असतील. आईला तसं वाटलं नाही. भाकरी थापता थापता ती एकदम म्हणाली, "न खुडलेला वेल लवकर फुलतो. नाताळाच्या आधी." आणि तिने तव्यावरची भाकरी करपू दिली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. एवढी मोठी गोष्ट हा माणूस रोपांना सांगतो आणि बायकोला सांगत नाही! ओरडून विचारावं असं रोज वाटायचं. पण आईने डोळे वटारले की मी गप्प बसायचे, आणि ते वेल एकेरी, किडकिडीत, घाईघाईने सुतळीवर चढत राहिले.

डिसेंबर लागता लागता त्यांना कळ्या दिसू लागल्या. एका दुपारी मी विद्यानगरहून, कॉलेजातून परत आले तर आई ओळीत उकिडवी बसली होती. हातात शिवणाची कात्री. अर्धी ओळ तिने कापून काढली होती.

"आई, कळ्या आहेत त्यांना."

"दिसतात मला."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला आणि शेवटच्या वेलापर्यंत गेली. कापलेले शेंडे तिने उचललेसुद्धा नाहीत.

संध्याकाळी बाबा आले. नेहमीप्रमाणे झारी भरून ओळीशी गेले आणि थांबले. झारी कलंडून पाणी त्यांच्या चपलांवर पडत होतं. आई दारात उभी होती.

"कुणी केलं हे?"

"मी. दरवर्षी खुडतोच की."

"आता संक्रांतीशिवाय फूल यायचं नाही."

"मग येऊ द्या संक्रांतीला," आई म्हणाली. "आपण इथेच आहोत ना?"

शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बारीक केला. बाबांनी झारी खाली ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "नसू आपण."

"सही केलीत?"

"हौ."

"कधी?"

"बी आणलं त्याच्या आधी."

आईचा आवाज फाटला. "मग पेरलंत कशाला? आम्हाला आशा लावायला?"

बाबांनी वाकून एक शेंडा उचलला. त्याच्या टोकाला हिरव्यातून गुलाबी डोकावत होतं. ते त्याच्याकडेच बघत म्हणाले, "पहिला तुरा तुझ्या हातात देऊन मग सांगणार होतो. नुसतं सांगायला तोंड उघडत नव्हतं."

 आई पायरी उतरून खाली आली आणि अंधार पडेपर्यंत एकेक शेंडा वेचत राहिली. बाबा तिला ते हातात देत होते.

दुसऱ्या दिवशी नळ आल्यावर बाबांच्या आधी आईनेच झारी भरली. निघायच्या दिवसापर्यंत त्या उघड्याबोडक्या वेलांना तिनेच पाणी घातलं, मुळाशी, संथ. आमच्यानंतर त्या घरात कोण आलं आणि संक्रांतीला तिथे काय फुललं, ते आम्ही कधी बघायला गेलो नाही.

वेचलेले शेंडे तिने फ्रिजवरच्या ग्लासात ठेवले होते. कापलेली कच्ची कळी उमलत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. दोन दिवसांत त्यांनी माना टाकल्या. निघायच्या दिवशी सगळं सामान ट्रकमध्ये चढलं, फ्रिज तेवढा राहिला होता. हमाल त्याच्याकडे वळले तरी आई त्या ग्लासाला कुणाला हात लावू देत नव्हती.