पास नकाशाची न्हाणी

नवी भिंत दिसली की तो तिच्यावर तळहात ठेवायचा, आजाऱ्याचा ताप बघतात तसा. मग घरमालकाकडे वळून विचारायचा, "नक्शा पास है जी?"

तुमच्याही वस्तीत असा एखादा असेल. आमचा चंदीगडमधला होता आणि थेट आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहायचा. निवृत्त ड्राफ्ट्समन, विधुर, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात मोजपट्टी. वयानं माझ्या वडिलांएवढा. तोंडावर मी 'अंकलजी' म्हणायची, पण मनात त्याला कधी अहो-जाहो केलं नाही. इथेही करणार नाही.

कुणी बाल्कनी काचेनं बंद केली, कुणी जिन्याच्या तोंडाशी गेट लावलं, की याची तक्रार ठरलेली. समोरच्या सरदारजींनी गाडीसाठी पत्र्याचं छप्पर टाकलं, तेही यानं उतरवायला लावलं. ब्लॉकमध्ये कुणी त्याच्याशी बोलत नसे. लोहडीची शेकोटी पेटली की तो खिडकीत येऊन उभा राहायचा, आणि आम्ही कुणीही मान वर करत नसू.

माझ्या नवऱ्याची नोकरी सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत. बदल्या एकदाच्या संपल्या, तेव्हा हा तळमजल्याचा फ्लॅट घेतला आणि अकोल्याहून सासूबाईंना आणलं. दुसऱ्याच हिवाळ्यात आई बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण बाथरूम इतकं चिंचोळं की वॉकर आत वळेना. मागच्या अंगणात, त्यांच्या खोलीला लागून, नवी न्हाणी बांधायचं ठरलं. ठेकेदार म्हणाला, "मैडम, यहाँ कौन पूछता है?"

विटा उतरल्या त्याच दिवशी विचारणारा खाली आला. हातात कोरा फॉर्म.

"पहले अर्ज़ी दो जी. नक्शा पास कराओ, फिर बनाओ."

"आप अपना देखिए, अंकलजी."

"अपना ही देख रहा हूँ. आपकी छत मेरी खिड़की को लगेगी."

मी फॉर्म घेतला आणि त्याच्यादेखत विटांच्या ढिगावर टाकला. तो वळून वर गेला.

न्हाणी पूर्ण झाली. आईंनी तिथे चार दिवस अंघोळ केली, पाचव्या दिवशी नोटीस आली. हे कार्यालयात जाऊन आले. अर्ज नाही, सगळं अंगण झाकलेलं, वाऱ्या-उजेडाला जागा नाही. पंधरा दिवसांत पाडा, नाहीतर आम्ही पाडू.

ज्या गवंड्यानं बांधली त्याच्याच हातून पाडून घेतली. घणाचे घाव पडत होते आणि आई खोलीत पलंगावर बसून होत्या.

"मोडून राह्यले का वं?"

"हो आई."

मी अंगणात आले. तो खिडकीत होता. आजूबाजूचे सगळे ऐकत होते, तरी मी ओरडले, "आज तो रोटी मीठी लगेगी आपको!"

"नहीं लगेगी," तो शांतपणे म्हणाला. "पर ऐसे नहीं बनाना था." आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

त्यानंतर तीन महिने आईंची अंघोळ स्वयंपाकघरात झाली. ओट्याशेजारी स्टुलावर, आडोशाला माझी जुनी साडी बांधून. सत्तर वर्षं सोवळंओवळं सांभाळलेली बाई अन्न शिजतं तिथे अंग धुताना डोळे मिटून घ्यायची. ते मी त्याला माफ केलेलं नाही.

मग रीतसर अर्ज केला. अंगणाचा पट्टा मोकळा सोडला, छत त्याच्या खिडकीखाली दोन फूट उतरवलं, आणि नकाशा मुकाट्यानं पास झाला. म्हणजे आधीच विचारलं असतं तर... हे मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच त्याचा संताप जास्त येत होता.

न्हाणी झाल्यावर तो आला. चष्मा लावून मंजुरीचा कागद शेवटपर्यंत वाचला. मोजपट्टी काढली.

"तीन इंच ज़्यादा है."

माझ्या हातात झाडू होता, एवढंच सांगते.

भिंतीकडे बराच वेळ बघून तो म्हणाला, "चलो. प्लास्टर का मान लेता हूँ."

त्याच्या तोंडून सवलतीचा शब्द मी तेवढा एकदाच ऐकला. चहा मात्र विचारला नाही.

पुढे दोनेक वर्षांत त्याचे गुडघे गेले, हात कापायला लागले. जवळच्याच खरड गावी राहणारा मुलगा न्यायला आला. मुलानं आणि ड्रायव्हरनं त्याला खांद्यांवर तोलून जिना उतरवला, आणि गाडीत बसवताना तो मुलाच्या कानात काहीतरी बोलला. मुलगा ओशाळून माझ्यापाशी आला. "आंटीजी, पापा को बाथरूम जाना है. ऊपर फिर चढ़ नहीं पाएँगे."

मी दारात उभी होते. खरं सांगते, 'पानी नहीं आ रहा' असं मी म्हणणारच होते. आतून आईंचा आवाज आला, "येऊ दे त्याले. म्हातारा माणूस हाये."

आईंसाठी भिंतीत बसवलेल्या दांड्या धरून तो आत गेला. बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा शर्टाची बाही ओली होती आणि मान खाली. आईंच्या पलंगाशी थांबून त्यानं हात जोडले. आईंनी जोडले नाहीत. मुलानं त्याला धरून गाडीत नेऊन बसवलं.

थंडी सरता सरता तो खरडमध्येच वारल्याचं कळलं. ब्लॉकमधून दोघे-तिघे भोगाला, त्यांच्याकडच्या शेवटच्या पाठाला, गेले. मी गेले नाही.

संध्याकाळी आईंना सांगितलं. जपमाळ थांबली.

"लय तरास देला मेल्यानं," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले.