निजू द्या तिला

पहिल्या खेपेला बायकोला सातवा लागला आणि ती घोरायला लागली. हे मी कुणाला सांगितलं की ती अजून चिडते, मी वाढवून सांगतो म्हणते. मी काहीही वाढवत नाही. सिल्वासाजवळ मसाटच्या कारखान्यात माझी कायम रातपाळी. रात्री खोलीत एकटीला तिला झोप लागायची नाही, म्हणून मी सकाळी आलो की आम्ही दोघंही झोपायचो. रातभर मशिनांचा आवाज कानात भरलेला, त्यामुळे तिच्या घोरण्याने मला जाग येत नसे. जाग यायची ती घोरणं थांबल्यावर. छाती वर यायला बघायची, पण नाकाशी बोट धरलं तर वारा नाही. मी हलवायच्या आत ती दचकून मोठा श्वास ओढायची आणि पुन्हा घोरायला लागायची. घाम मला फुटलेला असायचा.

उठल्यावर तिला यातलं काही आठवत नसे. डोकं ठणकायचं, पाय सुजलेले, आणि भाकरी थापता थापता डोळे मिटायचे. पोटातल्या जिवालाही हवा तिच्याच श्वासातून मिळत असणार, एवढं मला कळत होतं.

डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला सांगितलं. श्वास थांबतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, परत सुरू होतो ना? होतो, म्हणालो. त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. पाळीतले सोबती तर म्हणाले, बायकोकडे बघत बसतोस, मग झोपतोस कधी?

ओटी भरली आणि सासूबाई तिला बाळंतपणाला धुळ्याकडे न्यायला आल्या. आमच्याकडे जावई सासूसमोर धड बसत नाही, मग बायकोच्या झोपेबद्दल काय बोलणार? एसटी सुटायला आली तेव्हा जमिनीकडे बघत मी म्हणालो, "तिला उताणी झोपू देऊ नका. श्वास अडकला तर उठवा."

सासूबाईंनी पदर सावरला. "जावईबापू, मला पाच लेकरं झाली. पोटुशीला निजू द्यावं."

एसटीडीवरून मी त्यांच्या गावातल्या दुकानात फोन लावायचो. बायको खुशीत असायची. इथे कोणी उठवत नाही, आई अंगणातल्या पोरांनाही हाकलते, म्हणायची. डोकं मात्र सकाळपासून दुखतंय. तिच्या आईची माया मला दिसत होती आणि त्या मायेचीच भीती वाटत होती. फोन ठेवून मी पाळीवर जायचो. दुसरं काय करणार होतो?

मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. एवढीशी, पण रडली. पुढे सासूबाई दोघींना पोहोचवायला सिल्वासाला आल्या. दुपारी बायको लेकीला कुशीत घेऊन झोपली. मी उंबऱ्याशी बसलो होतो. माझ्यासमोर कधीही न बसणाऱ्या सासूबाई पलीकडच्या अंगाला येऊन टेकल्या आणि आतलं घोरणं ऐकत राहिल्या.

"तुम्ही म्हणत होता ते मी बी पाहिलं," त्या हळूच म्हणाल्या. "तवापासून मी निजलेच नाही."

आतलं घोरणं थांबलं. आम्ही दोघंही एकदमच उठलो.