नऊ शून्यं

वासुदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच त्याचा मुलगा बोलला. नंतर पाहतो तर पानं आणि काड्या मी एकाच ताटात टाकल्या होत्या. बायको ताट घेऊन पुन्हा निवडायला बसली. त्याला आता महिना उलटून गेला. वासुदेव कोणी मोठा माणूस नव्हता. वरवट बकालला त्याचा भाजीचा मळा होता, वांगी-मिरची पिकवायचा, आणि पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत वर्गात माझ्या शेजारी बसायचा. त्याच्याविषयी लिहायचं तर एका गणितापासून सुरुवात करावी लागते, इलाज नाही.

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि दशमान पद्धतही नवीच होती. बाजारात शेर-पायली जाऊन किलो आला होता आणि आयाबाया त्या नव्या वजनाकडे संशयानं पाहायच्या. आमच्या विज्ञानाच्या गुरुजींना मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. मेगा म्हणजे दहा लाख पट आणि मिली म्हणजे हजारावा भाग, हे त्यांनी आमच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं. लांबी-वजनावर त्यांचं भागेना, म्हणून त्यांनी तापमानही त्यात ओढलं. सूर्याच्या पोटात पंधरा मेगाकेल्विन, म्हणजे दीड कोटी अंश; आणि थंडीच्या टोकाला शास्त्रज्ञ एका अंशाचे हजार तुकडे करून मोजतात, ते मिलिकेल्विन. वासुदेव उभा राहिला. "गुर्जी, सूर्याच्या पोटात थर्मामीटर कोनं लावला?" सगळा वर्ग हसला, गुरुजीही हसले, आणि मग हसू आवरून त्यांनी त्याला बाकावर उभं केलं.

मॅट्रिकच्या परीक्षेचं केंद्र जळगाव जामोदला होतं. विज्ञानाच्या पेपराच्या सकाळी एसटीत आम्ही नेमके याच गणितावर भांडलो. मेगाचं मिली करायचं तर पुढे शून्यं किती द्यायची? मी म्हणालो, तीन. मेगाची सहा, मिलीची तीन, आपण मोठ्या मापातून खाली उतरतोय, म्हणजे वजाबाकी. वासुदेव म्हणाला, नऊ.

"अबे, ज्वारी पायलीनं मोजली त एक भरते. तेच मुठीनं मोजून पाह्य, किती मुठी होतात! माप लहान झालं का आकडा मोठा होते. बेरीज कर."

मी वर्गात पहिला येणारा, तो कसाबसा पास होणारा. मी त्याची टर उडवली. ज्वारीचं गणित पेपरात चालत नाही म्हणालो. उतरताना तो म्हणाला, "बरं बाबा, तीन त तीन. तुले जास्त समजते."

आणि पेपरात तोच प्रश्न, चार गुणांना. सूर्याच्या गाभ्याचं तापमान पंधरा मेगाकेल्विन, मिलिकेल्विनमध्ये सांगा. मी ऐटीत पंधरापुढे तीन शून्यं दिली, आणि सहज उलटं करून पाहिलं. पंधरा हजार मिलिकेल्विन म्हणजे अवघे पंधरा केल्विन, आणि पाण्याचा बर्फ तर दोनशे त्र्याहत्तरलाच होतो. सूर्याच्या पोटात बर्फाहून कितीतरी गार! तीन शून्यांपुढे आणखी सहा काढली आणि मान वर केली. पलीकडच्या रांगेत वासुदेव खाली वाकून लिहीत होता. माझ्यावर विश्वास ठेवून...

बाहेर आल्या आल्या त्यानं विचारलं, "तीनच लिवले ना बे?"

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो ते आजही मला धड सांगता येत नाही. लाज वाटली हे खरं. शिवाय वाटलं, चार गुणांनी काय होणार? निकाल लागला. वासुदेव विज्ञानात तीन गुणांनी गेला. मी केंद्रात पहिला आलो, दोन गुणांच्या फरकानं.

ऑक्टोबरला तो पुन्हा बसणार होता. पण पावसाळ्यात त्याचे वडील अंथरुणाला खिळले, मळा त्याच्या अंगावर पडला आणि पुस्तकं माळ्यावर गेली. मी अमरावतीला शिकलो, पुढे पुण्यात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झालो. दरवर्षी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर मापं बदलून दाखवायचो. मेगातून मिलीत, नऊ शून्यं. ज्वारीचं उदाहरणही द्यायचो, तेही स्वतःचंच असल्यासारखं. मुलांना ते फार आवडायचं.

गावी गेलो की वासुदेव मला सगळीकडे मिरवायचा. खरं उत्तर नऊ होतं हे त्याला गुरुजींनी नंतर सांगितलं होतं, पण त्याचा राग नव्हता. उलट कौतुकानं सांगायचा, "आमी दोघंयी त्या सवालात बुडालो. मी नापास होऊन गेलो गायात, अन् हा पट्ट्या तरीयी पयला!" लोक हसायचे. मीही हसायचो... इतकी वर्षं हसत आलो, यापरता कोडगेपणा दुसरा नसेल.

एकदा मी त्याच्यापाशी रडगाणं गात होतो, मुलं परदेशात, घर रिकामं, वगैरे. वासुदेव रोपांना पाणी देत होता. म्हणाला, "तुह्यं सारं मेगात राह्यते. मी मिलीत मोजतो. आज मिरचीले फूल आलं, एक. नातीचा दात पडला, दोन. माह्याच आकडा मोठा भरते, पाह्य." गेल्या हिवाळ्यात मात्र ठरवूनच गेलो होतो की आता सांगायचं. त्यानं मळ्यात वांगी भाजून भरीत केलं, भाकरीवर वाढलं, आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करत बसला. मी त्याला गुडघ्याचंच सांगत राहिलो. संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघालो.

तेरवीनंतर गेलो. वासुदेवची बायको, कमलावहिनी, ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी चहा दिला आणि मी तो न पिताच सगळं सांगून टाकलं. एसटीतलं भांडण, माझी तीन, त्याची नऊ, बाहेर येऊन बोललेलं खोटं. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा चार शब्द सुनावतील. मला ते हवंही होतं.

"भाऊजी, हे त्याईले काऊन नाई सांगतलं?" त्या म्हणाल्या. "ते किती खुश झाले असते!"

मला समजेना. "खूश?"

"मंग! जनमभर म्हनत होते, आपल्या डोक्याचा कोनाले उपेग नाई झाला म्हनून."

आणि पदरानं डोळे पुसत त्यांनी आत हाक मारली, "वो सूनबाई! आयकलं का? तुह्या सासऱ्याचं उत्तर लिवून हे प्रोफेसरसायेब पयले आले होते!"

आतून सून आली, मागून नात आली. "खरंच का आजोबा?" नातीनं विचारलं.

या वेळीही मी "हो" म्हणालो.